देवीची भाकर आणि मालतीबाईंचा खांदा

दुखऱ्या हाताची गळ्यातली झोळी निघून आठ दिवस झाले तरी मालतीबाईंचा उजवा हात खांद्यापासून वर जाईना, आणि तो जाईना म्हणून डावा हात वेड लागल्यासारखा करायचा. पदराचं टोक पिळायचा, सोफ्याच्या कव्हरची शिवण उसवायचा, टीपॉयवरचा रिमोट उचलून पुन्हा तिथेच ठेवायचा. टीव्ही लावायचा नसायचाच. नुसतं उचलायचं आणि ठेवायचं.

“आई, जरा शांत बसा ना,” सून मनस्वी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. त्या दिवशी तिचं काम घरून होतं. “मीटिंगमध्ये खटखट ऐकू जाते.”

“बसलेच हाय ना मी. उबी हाय का?”

“बसलायत, पण घरभर फिरल्यासारख्या बसलायत.”

खोटं नव्हतं ते. कोपरखैरण्याच्या गावठाणात मालतीबाईंना ओळखतात ते त्यांच्या भाकरीमुळे. हळद असो, लग्न असो, बारसं असो, तांदळाच्या भाकरी करायच्या म्हटलं की पहिलं नाव त्यांचं निघायचं. पाच-सहा जणींना घेऊन त्या मांडवामागे बसल्या आणि तीन चुली पेटल्या की शेवटची पंगत उठेपर्यंत टोपली रिकामी दिसायची नाही. परातीत थापायच्या नाहीत, लाटायच्या तर नाहीतच. पाण्याचा हात लावून तळहातावर, या हातावरून त्या हातावर. तीस वर्षं हात असे चालले, आणि माघात रबाळ्याच्या एका हळदीला तेलकट फरशीवर पाय सटकला. हातात उकडीचा तोप होता. तो सोडला असता तर हात टेकून सावरता आलं असतं. त्यांनी तोप सोडला नाही. उकड एक कण सांडली नाही, खांद्याचं मांस मात्र आतून फाटलं. हाड वाचलं ही देवीची कृपा.

फाटलेलं हळूहळू भरत आलं, पण खांदा आखडला. वेणी घालायला मनस्वी लागायची. हेही एक वेळ चाललं असतं. खरी काळजी होती ती चैत्री पुनवेची.

चैत्री पुनवेला गावदेवीची जत्रा. त्या दिवशी देवीपुढे पहिला नैवेद्य असतो तो एका भाकरीचा. नव्या तांदळाची, परातीएवढी, कडेला कुठे चीर नाही अशी अखंड भाकर. एकाच बाईने ती हातावर थापायची आणि खांद्याच्या उंचीला नेऊन मोठ्या तव्यावर सोडायची. ज्या घराच्या बाईने भाकर केली त्या घराचा मान. आणि गावाची रीत अशी, की एकदा का ही भाकर दुसऱ्या घरच्या हातात गेली, की मानही त्या घरी गेला; मागता येत नाही. मालतीबाईंच्या सासूबाईंकडे तो असाच आला होता. ऐन जत्रेत शेजारच्या बयाबाईच्या सासूला हीव भरलं आणि भाकर या घरात आली. त्याला चाळीस वर्षं झाली. बयाबाई ते विसरली नव्हती, जरी ती आणि मालतीबाई एकाच चुलीला गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या.

रंगपंचमी झाली आणि दोन दिवसांनी मनस्वीने रिक्षा बोलावली. पुनवेला बावीस दिवस राहिले होते.

फिजिओथेरपीचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. खाली मेडिकल, शेजारी झेरॉक्सवाला. आत तीन पलंग, पडदे, भिंतीवर एक लाकडी शिडी, आणि चालवणारी मुलगी एकटी. हुदा तिचं नाव. मूळची रायगडच्या खाडीकाठची, शिकायला पनवेलला होती, आता इकडेच. तिने खांदा पुढून-मागून दाबून पाहिला, हात उचलून पाहिला. हात छातीच्या वर जाईना.

“मावशी, याला आधी आतून शेक द्यायला लागेल. वरून गरम पाण्याची पिशवी ठेवलीत तर फक्त कातडी तापते. हे मशीन आतल्या मांसापर्यंत ऊब पोचवतं. आत ढिलं झालं की मग व्यायाम.”

“किती दिवस?”

“बघू.”

“बगू नाय. चैत्री पुनवेला हात वर पायजे.”

हुदाने मनस्वीकडे पाहिलं. मनस्वीने डोळ्यांनीच सांगितलं, की यावर वाद घालू नका.

मग पाटल्या काढा, मंगळसूत्र काढा, केसांतल्या पिना काढा. अंगावर धातू नको, मशीन त्याला तापवतं. मंगळसूत्र काढताना मालतीबाईंनी मनातल्या मनात हात जोडले आणि ते सुनेच्या मुठीत दिलं. लाकडी खुर्चीवर बसवून हुदाने दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. “डोळे मिटा आणि सांगा.”

खांद्यावर मालतीबाईंनी बरोबर ओळखलं. गरम, गार, गार, गरम. हुदाला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने गरम नळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

“गार,” मालतीबाई म्हणाल्या.

हुदा हसली. मग तिचं हसू गेलं. “मावशी, हात पार मेलेत की तुमचे.”

“मेलेत म्हनू नको गो. याच हातांनी तवा तापला का ते बगते मी.”

“बरं, नाही म्हणत. पण खांद्याची कातडी जिवंत आहे, आणि मला तीच लागते. नीट ऐका.” हुदा समोर स्टूल घेऊन बसली. “या मशीनवर आकडे आहेत, पण तुम्हाला आत किती गरम लागतंय ते मशीनला कळत नाही. मलाही कळत नाही. ते फक्त तुमच्या तोंडून कळतं. कळतंय न कळतंय एवढंच लागलं तर म्हणा एक. हिवाळ्यात सकाळी अंगणात बसल्यावर कोवळं ऊन लागतं, तसं वाटलं तर दोन. गरम वाटलं तर तीन. चटका म्हणजे चार. आपल्याला दोनवर राहायचंय.”

“दोनवर? एवड्याशा उबीनं काय होनार?”

“तेवढ्यानेच होतं.”

खांद्याच्या पुढे एक गादी, मागे एक गादी, मध्ये जाड टॉवेलच्या घड्या. मशीन गुणगुणायला लागलं. पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. मालतीबाईंना ती पंधरा मिनिटं खाडी पोहून जाण्याएवढी लांब वाटली. पाय हलायला लागले. पलीकडच्या पलंगावर कंबर धरून पडलेले हौसेराव, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर असतात, ते म्हणाले, “काकी, ब्रेक मारा पायाला, माझा पलंग हलतोय.”

“मावशी, कितवं?” हुदाने पडद्याआडून विचारलं.

आत कुठेतरी, फाटलं होतं नेमकं तिथे, कोवळं ऊन उतरत होतं. बरं वाटत होतं. “दोन,” त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी त्या खरं बोलल्या.

नंतर व्यायाम. भिंतीवर बोटांनी चढायचं, जशी पाल चढते तसं. हात कुठवर गेला तिथे हुदा पेन्सिलने खूण करायची. रोज एक खूण. तिसऱ्या दिवसाची खूण पहिल्या दिवसाच्या वर दोन बोटं होती.

“दोन बोटं!” मालतीबाई रिक्षात कुरकुरल्या. “या चालीनं मी पुढच्या जत्रेला पोचनार.”

त्याच दुपारी बयाबाई आली. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी होती आणि जिभेवर त्याहून तिखट काहीतरी.

“कसा हाय वयनी खांदा?”

“हाय बरा.”

“वर कर बगू.”

मालतीबाईंनी हात वर केला नाही. पदर सारखा केला.

“देवलात ईषय निगाला व्हता,” बयाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. “पाडव्याला इचारनार हाईत तुला, की जमंल का नाय. मी म्हटला, तिला कशाला तरास देता? नायच जमला तर मी हायच की. आमच्याच घरची भाकर व्हती ती.”

“चालीस वर्सांपूर्वी व्हती.”

“तव्याला काय ठावं गो, चालीस का चार?”

ती गेल्यावर मालतीबाई खुर्चीवरून उठल्या, बसल्या, उठल्या. देवघरापुढे जाऊन उभ्या राहिल्या. समईची वात नीट होती तरी पुढे सारली. नवऱ्याला, गोटीरामांना, त्यांनी विचारलं, “तुमाला काय वाटतां, जमंल मना?” गोटीराम कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून देवळाच्या पायरीवरच बसलेले असायचे, गावात काय शिजतंय ते त्यांना आधी कळायचं. ते म्हणाले, “डाक्तरीन काय म्हनतं?” हे काही उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं आणि पडद्याआडून प्रश्न आला, “कितवं?”

कोवळं ऊन लागत होतं. मालतीबाई म्हणाल्या, “एक.”

हुदाने बटण थोडं फिरवलं. “आता?”

“आता दोन.” होतं तीन.

यात आपण काही पाप करतोय असं त्यांना वाटलंच नाही. उभ्या आयुष्यात गरम लागतंय म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मांडवात एखादी नवी पोर चटका बसला म्हणून ओरडली की साऱ्या जणी तिला “सायबीन” म्हणून हसायच्या, आणि सगळ्यांत मोठ्याने त्या स्वतः. आच सोसते तीच कामाची बाई. शिवाय मंद तव्यावर भाकरी होत नाही, हा त्यांचा जन्माचा अनुभव. आच वाढवली की काम लवकर होणार. या शिकलेल्या पोरीला तव्यातलं काय कळतंय?

हुदा रोजे धरत होती. तिचे ओठ सुकलेले असायचे, तरी ती या पलंगावरून त्या पलंगावर पळायची. एकदा मालतीबाई म्हणाल्या, “पानी बी पीत नाय दिवसभर? आमच्या उपासाला च्या तरी चालतो.”

“सवय झाली मावशी. पाण्याचं काही वाटत नाही. रागवायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, ते जड जातं.” ती हसली. “हौसेराव व्यायाम न करता केला म्हणून सांगतात ना, तेव्हा राग गिळताना घसा जास्त सुकतो.”

“मी करतो!” पलीकडून हौसेराव ओरडले. “मनातून करतो!”

मालतीबाई हसल्या, पण हसताना डावा हात आपोआप पदर पिळायला लागला.

आठव्या दिवशी शनिवार होता. दुसऱ्या दिवशी पाडवा. देवळात विचारणार ते उद्याच. भिंतीवरची खूण हनुवटीच्या थोडी खाली अडली होती आणि दोन दिवस तिथून हलली नव्हती. मालतीबाई खुर्चीवर बसल्या त्याच ठरवून.

“कितवं?”

“एकबी नाय.”

“रोज हळूहळू जास्त लागतंय मशीन तुम्हाला,” हुदा कपाळाला आठी घालून म्हणाली. “टॉवेल कोरडा आहे ना? घाम नाही ना?” तिने हात घालून टॉवेल पाहिला. कोरडा होता. तिने बटण फिरवलं. “आता?”

“एक.”

“आता? खरं सांगा मावशी.”

“दोन आला. ऱ्हाऊ दे.”

तेवढ्यात हौसेरावांच्या कमरेत उसण भरली आणि हुदा तिकडे धावली. मालतीबाईंनी डोळे मिटले. कोवळं ऊन कधीच मागे राहिलं होतं. आता वैशाखातलं, डांबरावरचं ऊन होतं, आणि खांद्याच्या टोकावर जिथे मांस कमी तिथे ते टोचत होतं. त्या बोटांच्या पेरांवर देवीचं नाव मोजू लागल्या. एकशे आठ झालं की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांत पाणी आलं. ओरडल्या नाहीत. हाक मारली असती तर हुदा चार पावलांवर होती.

मशीन थांबलं. हुदाने गादी काढली आणि म्हणाली, “मावशी, एवढं लाल?”

“माजी कातडीच तशी.”

हुदाने लगेच थंड पाण्याचं फडकं ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि व्यायाम करून घेतला नाही. जाताना पुन्हा विचारलं, “मावशी, चटका लागला होता का?” मालतीबाई चपलेत पाय घालत म्हणाल्या, “नाय गो बाय.”

पाडव्याच्या पहाटे गुढीला साडी नेसवायला त्यांनी हात पुढे केला आणि ब्लाउजची शिवण खांद्याला घासली. आई गं! मनस्वीने बाही सरकवून पाहिलं. खांद्याच्या टोकावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा फोड, पाण्याने टच्च.

“हे काय केलं त्या बाईने?” मनस्वीचा आवाज चढला. “आई, भाजलंय हे! पैसे घेऊन माणसं भाजतात का?”

“सनाच्या दिवशी वरडू नको.”

“ओरडू नको काय? मी सोडणार नाही तिला.”

संध्याकाळी देवळात मंडळींनी विचारलं. मालतीबाई उभ्या राहिल्या, फोडाला पदर लागू नये म्हणून मान वाकडी करून. बयाबाई दोन हातांच्या अंतरावर बसली होती. “जमंल,” मालतीबाई म्हणाल्या. “पुनवेला मीच करनार.” मागून कुणीतरी म्हणालं, बघा हं, भाकर मोडली तर गावाला अपशकुन. त्यांनी वळून बघितलं नाही. घरी येऊन आरती करताना मधलं कडवं विसरल्या. पन्नास वर्षं म्हटलेली आरती. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडल्या.

सोमवारी ईद, दवाखाना बंद. मालतीबाईंचा तो दिवस सरता सरेना. गच्चीवर गेल्या, खाली आल्या, तांदूळ निवडायला घेतले, टाकले. भाजल्याची आग होतीच. पण त्याखाली दुसरं काहीतरी टोचत होतं आणि त्यावर थंड फडकं ठेवता येत नव्हतं. मनस्वी मोबाईलवर काहीतरी भराभर लिहीत होती.

“काय लिवतेस?”

“रिव्ह्यू. एक स्टार देणार आहे. लोकांना कळू दे. हे वाचल्यावर परत कुणी चढणार नाही तिच्या जिन्याने.”

“आता नको टाकू. उद्या तिला भेटू, मग टाक.”

मंगळवारी दोघी गेल्या. हुदाच्या हातावर ईदची मेंदी होती, ताजी, लालबुंद. फोड बघून तिचा चेहरा उतरला. मनस्वीने तोंड उघडलं आणि चार-पाच वाक्यं धाडधाड सुनावली. हुदाने फोडाभोवती हलकेच बोट फिरवून पाहिलं. मग ती खाली बघत म्हणाली, “चूक माझी आहे. एवढं वाढवायला लागतंय म्हटल्यावर मी थांबायला हवं होतं. नळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यायला हवी होती. मावशी, मला माफ करा.”

मालतीबाईंच्या डाव्या हाताने पदर सोडला.

“तुजी नाय गो,” त्या म्हणाल्या. “माज्या तोंडाची चूक हाय. लागत व्हता मना. पयल्यापासून लागत व्हता.”

“काय?” मनस्वी म्हणाली.

“तीन असला की मी दोन सांगायची. त्या दिवशी चार झाला. मी गप बसले. लवकर बरा व्हावा म्हनून.”

पलीकडे हौसेरावांनी कंबर विसरून मान वर केली.

हुदाचा रोजा संपला होता. आता राग गिळायची गरज नव्हती. “मावशी, मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितलं? मशीनला काटा नाही. तुमचं तोंड हाच काटा. तोच तुम्ही वाकडा केलात, तर मी कशाकडे बघू?” तिने मशीनचा प्लग काढला. “आणि एक सांगा, तवा फार तापला तर भाकरीचं काय होतं?”

मालतीबाई म्हणाल्या, “वरून करपतं. आत कच्ची ऱ्हातं.”

“मग?”

मशीन बंद. फोड बसून खपली पडेपर्यंत शेक नाही. पुनवेला अकरा दिवस होते आणि खपलीला तेवढेच लागणार होते. ज्या घाईसाठी सगळं केलं, त्या घाईनेच दिवस खाल्ले. नुसता व्यायाम करायचा, तोही दुखेल तिथे थांबायचं, आणि दुखलं की सांगायचं. जिन्यात मनस्वीने मोबाईल काढला, लिहिलेलं सगळं पुसलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “मला तरी सांगायचं होतंत.”

ते अकरा दिवस मालतीबाई भिंतीवर पाल झाल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गच्चीच्या कठड्यावर, देवघराच्या दारावर. गोटीराम पायरीवरून आले की त्यांना विचारायचे नाहीत. भिंतीवरची सर्वांत वरची खूण बघायचे आणि हात-पाय धुवायला जायचे. खूण हनुवटीवरून ओठांपर्यंत आली. तिथे थांबली, तीही भिंतीच्या आधाराने.

पुनवेला सकाळी देवळामागे मोठी चूल पेटली. वाजंत्री वाजत होती, पण चुलीजवळ कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मालतीबाईंनी उकड स्वतः काढली, डाव्या हाताने मळली, उजव्याने साथ दिली. मोठा गोळा उचलला, पाण्याचा हात लावला, आणि सुरू केलं. थाप, फिरव, थाप. डाव्यावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर. भाकर ताटलीएवढी झाली, ताटाएवढी झाली. कडेने एकसारखी, कुठे चीर नाही. बायका पुढे सरकल्या. गोटीरामांनी टोपी काढली.

परातीएवढी व्हायला थोडंच उरलं आणि वजन मनगटापलीकडे कोपरापर्यंत आलं. आता हात वर न्यायचा होता, खांद्याच्या रेषेत. मालतीबाईंनी उचलला. आत काहीतरी ताणलं गेलं. एक झालं, दोन झालं, तीन झालं. दात-ओठ आवळून आणखी एक थाप सोसता आली असती. सोसायची सवय होती. पण त्यांना ठाऊक होतं, की पुढच्या थापेला हात गळणार आणि भाकर खाली जाणार.

“चार!” त्या ओरडल्या.

कुणाला काही कळलं नाही. एकटी मनस्वी पुढे धावली, हात पसरून. “आई, द्या माझ्याकडे.”

मालतीबाईंनी सुनेकडे पाहिलं. मेंदी काढलेले, नखं रंगवलेले, लॅपटॉपवर चालणारे हात. घरचे हात. तिच्याकडे दिली असती तर मान घरातच राहिला असता. आणि भाकर फाटली असती, तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान वळवली.

“बये, घे. दुकतंय मना.”

बयाबाई एवढी पटकन आली, की पदर चुलीत जायचा राहिला. तिने हातांखाली हात घातले, आणि ओली, जड, अर्धवट भाकर या तळहातांवरून त्या तळहातांवर गेली. फाटली नाही. बयाबाईने तीन थापा मारल्या, खांद्याशी नेली आणि तव्यावर सोडली. चुलीवर वाफ उठली. वाजंत्री वाजतच होती.

भाकर फुगली, उतरली, देवीपुढे गेली. मान बयाबाईच्या घरी गेला. मंडळींनी तसं बोलून दाखवलं नाही, पण प्रसादाचं पहिलं ताट तिच्याकडे गेलं. बयाबाईने त्यातला एक तुकडा मोडून मालतीबाईंच्या हातावर ठेवला.

“उकड तुजीच व्हती गो वयनी. माजी येवडी मऊ येत नाय.”

“म्हाईत हाय मना,” मालतीबाई म्हणाल्या, आणि तुकडा कपाळाला लावला.

घरी येताना मनस्वी एक पाऊल मागेच चालत होती. कोपऱ्यावर तिने विचारलंच, “मला का नाही दिलीत?”

“तुला येत नाय म्हनून.”

“एवढं स्पष्ट?”

“आता खरां बोलायचा म्हनलं ना.” चार पावलं चालून त्या म्हणाल्या, “शिकायची आसंल तर ये चुलीशी. हातानं दाखवता येनार नाय. तोंडानं सांगीन.”

मनस्वीने आपल्या रंगवलेल्या नखांकडे पाहिलं.

खपली पडल्यावर सोमवारी मशीन पुन्हा सुरू झालं. हौसेराव बरे होऊन कळंबोलीला ट्रकवर गेले होते, पलंग रिकामा होता. मालतीबाई लाकडी खुर्चीवर बसल्या. मान गेला होता, घाई संपली होती. तरी पाय हलतच होते. काय करायचं आता या हाताचं, बरा झाला तर? पुढच्या लग्नसराईला बयाबाईशेजारी बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून?

“मावशी, कितवं?”

मालतीबाईंनी डोळे मिटले आणि नीट पाहिलं, आत कुठवर ऊन आलंय ते.

“दोन,” त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, “थांब गो, थांब. अडीच. जरा कमी कर.”